रेझिनचा दागिना नितळ व्हावा म्हणून

घरी केलेले रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचे, पदक दुकानातल्या पदकापुढे फिके दिसते ते बहुधा नक्षीमुळे नव्हे, तर आतल्या बुडबुड्यांमुळे, दुधाळपणामुळे आणि खरखरीत कडांमुळे. यांपैकी पहिले दोन दोष साच्यात ओतण्यापूर्वीच टाळावे लागतात. एकदा रेझिन घट्ट झाले की आत अडकलेला बुडबुडा बाहेर काढता येत नाही.

इपॉक्सी रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर यांचे प्रमाण आकारमानाने दिले आहे की वजनाने, हे आधी नीट वाचावे, कारण दोन्हींची घनता सारखी नसते आणि प्रमाण चुकले की दागिना कायमचा चिकट राहतो. रेझिनची बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावी, म्हणजे ते पातळ होऊन बुडबुडे सहज वर येतात; मग हार्डनर घालून तीन-चार मिनिटे, कपाच्या कडा आणि तळ खरवडत, संथपणे ढवळावे.

दमट हवेत हार्डनरमुळे पृष्ठभागावर धुरकट, तेलकट थर येऊ शकतो. म्हणून कोकणपट्टीतील भर पावसाच्या दिवसांत मी ओतकाम करतच नाही, ते दिवस घासकामाला ठेवते. रेझिनमध्ये बसवायच्या फुलांच्या बाबतीतही ओलावाच घात करतो. शेवंतीच्या पाकळ्या बोटांना कोरड्या लागल्या तरी देठाजवळ ओल उरते आणि काही दिवसांनी तोच भाग रेझिनच्या आत तपकिरी पडतो. फूल सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, पूर्ण सुकवावे, त्यावर रेझिनचा पातळ हात फिरवून तो घट्ट होऊ द्यावा आणि मगच ते साच्यात ठेवावे.

खरी कसोटी मात्र घासकामात लागते. बहुतेक इपॉक्सी रेझिन 24 तासांत साच्यातून निघते, पण पुरते कडक व्हायला 72 तास लागतात. त्याआधी घासले तर वॉटर पेपरला, म्हणजे ओला करून वापरायच्या घासकागदाला, गोळे चिकटतात. पेपर आणि दागिना दोन्ही ओले ठेवून 400, 600, 800, 1000, 1500 आणि 2000 क्रमांकाच्या पेपरांनी, जाडसरापासून बारीककडे अशा क्रमाने जावे, कारण कोरडे घासल्यास बारीक भुकटी श्वासात जाते. प्रत्येक पेपरनंतर दागिना पुसून दिव्याखाली तिरका धरावा, आणि आधीच्या पेपरचा एकही ओरखडा दिसत असेल तर पुढे जाऊ नये. पुढच्या पेपरला दिशा बदलून घासले की राहिलेले ओरखडे चटकन ओळखू येतात. 2000च्या पेपरनंतरही पृष्ठभाग धूसरच दिसतो, झळाळी येते ती पॉलिशच्या लेपाने. कडीसाठीचे भोक मात्र त्याआधीच पाडावे, म्हणजे भोकाभोवतालचे ओरखडेही पॉलिशमध्ये निघून जातात.