टेबलावरचा चष्मा

लेखकाच्या घराचं संग्रहालय झालं की एक टेबल हमखास असतं. टेबलावर उघडी वही, वहीवर चष्मा. जणू कुणी दार वाजवलं म्हणून लेखक उठून गेलाय. (जाड भिंगांचा माणूस चष्मा काढून ठेवून दार उघडायला कसा जाईल, हे कुणी विचारत नाही.)

हा देखावा नुसता खोटा असता तरी चाललं असतं, पण तो वहीच्या मुळावर येतो. जुन्या चष्म्यांच्या फ्रेम पुष्कळदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकच्या असतात. वय झालं की सेल्युलॉइड आम्लाच्या वाफा सोडू लागतं. आधी बिजागरीचा स्क्रू हिरवट पडतो, फ्रेमवर केसासारख्या चिरा उमटतात आणि खालचा कागद पिवळा, ठिसूळ होत जातो. अशी फ्रेम वेगळी, हवा खेळती राहील अशीच ठेवायची.

वहीसुद्धा खरी नकोच, हुबेहूब प्रत पुरे. कारण आहे ती खिडकी. लिहायला उजेड हवा म्हणून लेखकानं टेबल खिडकीशी लावलेलं असतं आणि तोच उजेड आता वैरी. कागदासाठी 50 लक्सची मर्यादा पाळतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर 1,20,000 लक्स-तास होतात. भर दुपारचं ऊन साधारण 1,00,000 लक्सचं. म्हणजे सव्वा तास ऊन पडलं की वर्षभराचा हिशेब संपला. उजेडाची झीज साठत जाते, पडदा ओढल्यानं ती भरून येत नाही. म्हणून खोली अंधारी ठेवावी लागते आणि ‘एवढ्याशा उजेडात ते लिहायचे कसे?’ हा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो.

खरी दौलत खणांत असते. तिथे पहिला नियम एकच: आवरायचं नाही. खण उघडला तसा फोटो, मग वरून एकेक कागद क्रमानं काढून मऊ पेन्सिलीनं मागच्या बाजूला कोपऱ्यात नंबर. पेन खोलीत आणायचंच नाही. हिशेबाची चिठ्ठी कवितेच्या पानात का होती, हे आज कळत नसलं तरी ती तिथेच होती ही नोंद राहते. उत्साही मंडळी ‘बिलं एका फाइलीत, पत्रं दुसऱ्या’ करतात तेव्हा हीच नोंद पुसली जाते.

पुस्तकांना कसर लागते, कारण बांधणीच्या खळीत पिष्ट असतं. फवारा मारू नये, डाग पडतात. पुस्तक पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून उणे 20 अंशांत दोन आठवडे ठेवायचं. घाई नडते ती बाहेर काढल्यावर. खोलीच्या तापमानाला येण्याआधी पिशवी उघडली की थंड पुठ्ठ्यावर दव धरतं आणि कसर मेली तरी बुरशी येते.

जे मूळचं नाही ते तसं सांगावं. 1821 साली इंग्रज कवी जॉन कीट्स रोममध्ये क्षयानं गेला, तेव्हा तिथल्या कायद्याप्रमाणे खोलीतलं सामान जाळून टाकलं. आज तिथे दिसतो तो पलंग नंतर आणलेला. पडल्या पडल्या त्याला दिसायचं ते फुलाफुलांचं छत मात्र तेच आहे.