वाचून केलेली प्रार्थना देवाला चालते का?

बायबल अभ्यास संपला, लोक उठायला लागले, की एखादं माणूस उगीच मागे रेंगाळतं. खुर्च्या लावायला मदत करतं, पुस्तकं गोळा करतं. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून विचारतं, "ताई, मला स्वतःची प्रार्थना सुचतच नाही हो. पुस्तकातली वाचली तर चालेल का? ती मनापासून धरली जाईल का?"

विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. काही जण विश्वासात नवीन असतात. मंडळीत सगळे डोळे मिटून घडाघडा प्रार्थना करताना ऐकून त्यांची छाती दडपलेली असते. बाकीच्यांची उभी हयात चर्चमध्ये गेलेली असते आणि एखाद्या मृत्यूनंतर किंवा दुखण्यानंतर त्यांचे शब्द अचानक आटलेले असतात. या दुसऱ्यांना हा प्रश्न विचारणं फार जड जातं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी प्रार्थना केलेल्या माणसाने "मला जमत नाही" असं कसं म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चालते. माझ्या मते नुसती चालत नाही, बायबलमधली माणसं अडचणीत सापडली की पुष्कळदा हेच करतात.

योनाचं बघा. देवाने निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलेला हा संदेष्टा, उलट दिशेने पळाला. माशाच्या पोटात पडलाय, पाण्याने वेढलाय, डोक्याला समुद्रातलं शेवाळ गुंडाळलंय. अशा वेळी माणूस अगदी स्वतःचं, आतड्यातून आलेलं काहीतरी ओरडेल असं आपल्याला वाटतं. योनाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा आणि शेजारी स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, ठेवा. संकटात परमेश्वराचा धावा केला आणि त्याने ऐकलं, हे १२०व्या स्तोत्राच्या सुरुवातीला आहे. तुझ्या लाटा आणि लोंढे माझ्यावरून गेले, हे ४२व्यात आहे. तुझ्या नजरेसमोरून मी दूर टाकला गेलो, ही ३१व्यातली तक्रार. तारण परमेश्वराकडून आहे, हे तिसऱ्या स्तोत्राच्या शेवटी येतं. जवळजवळ सगळी प्रार्थना उपासनेत कानावर पडलेल्या ओळींची आहे. त्या ओळी रचणाऱ्यांपैकी कोणी माशाच्या पोटात गेलेलं नव्हतं, तरी योनाला त्या पुरल्या.

आणि पुढे चौथ्या अध्यायात, निनवे शहर नाशातून बचावल्यावर हा माणूस चिडतो, तेव्हाही उसनेच शब्द वापरतो. तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध देव आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो! निर्गमच्या ३४व्या अध्यायात देवाने मोशेला स्वतःची जी ओळख करून दिली, तीच हा पठ्ठ्या देवाच्या तोंडावर फेकतो. पाठ केलेले शब्द वापरून देवाशी भांडताही येतं, हे मला योनाकडून कळलं.

येशूची आई मरीया, तिचं गीत घ्या. लूकच्या पहिल्या अध्यायातलं ते गीत हन्नाच्या गीताच्या वळणावर चालतं. बलवानांची सत्ता जाते, दीनांना उंच केलं जातं, भुकेले तृप्त होतात. हे सगळं शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आधीच आहे. देवदूताचा निरोप याआधी कोणाही बाईला आला नाही असा, पण गीत आजीच्या आजीच्या काळातलं. आणि ज्या हन्नाचे शब्द मरीयेने घेतले, त्या मूल नसलेल्या हन्नाचे शिलोच्या मंदिरात आधी शब्दच फुटले नव्हते. नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजक दाराशी बसून बघत होता, त्याला वाटलं बाई प्यायलीय. "मी मद्य प्यालेले नाही, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय," असं तिला त्याला समजवावं लागलं. गीत फार नंतर आलं, मूल होऊन त्याचं दूध सुटल्यावर. शब्द आटलेल्या माणसाला मी आधी हन्नाच्या त्या पुस्तकातला पहिला अध्याय वाचायला सांगते, दुसरा नाही.

आणि शेवटी वधस्तंभ. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हा २२व्या स्तोत्राचा आरंभ. तुझ्या हाती माझा आत्मा सोपवतो, हे ३१व्यातलं. मरताना येशूने स्तोत्रातले शब्द घेतले, यापुढे माझ्याकडे वेगळा पुरावा नाही आणि मला तो लागतही नाही.

आता आक्षेप. तो खोटा नाही, म्हणून झटकून टाकणार नाही. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका. यशयाच्या २९व्या अध्यायातलं वचनही तो परूशांना, म्हणजे कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांना, ऐकवतो: हे लोक ओठांनी माझा मान राखतात, पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे. छापील प्रार्थना तोंडाने चालू ठेवून मन बाजारात फिरवून आणता येतं, हे मला पक्कं माहीत आहे. 'आमेन' म्हटल्यावर आपण आत्ता काय म्हटलं हे आठवूही नये, असं कोणाचं होत नाही?

पण तो अध्याय तिथेच बंद करू नका. बडबड करू नका हे सांगितल्यावर लगेच, दोन वचनांनंतर, येशू काय करतो? आखीव प्रार्थना देतो. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" तिथलीच. लूकच्या ११व्या अध्यायात तर शिष्यच मागायला येतात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने त्याच्या शिष्यांना शिकवली तशी आम्हालाही शिकवा म्हणून. तिथे येशू म्हणतो, प्रार्थना कराल तेव्हा असं म्हणा. लूकमधली प्रार्थना मत्तयातल्यापेक्षा आखूड आहे. म्हणजे अक्षर चुकलं तर फळ जाईल अशा मंत्राचा हा मामला नव्हे. तरी आरंभीच्या मंडळ्यांनी ती पाठच केली. 'दिदाखे' नावाचं फार जुनं ख्रिस्ती लिखाण आहे, त्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सरळ सांगितलंय.

मग ढोंग कुठे असतं? लूकच्या १८व्या अध्यायात येशू गोष्ट सांगतो, तिच्यात दोन माणसं मंदिरात जातात. परूशी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतो. अगदी उत्स्फूर्त, तपशीलवार: मी इतरांसारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. लोकांच्या लेखी पापी असलेला जकातदार छाती बडवत एकच ओळ म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर, आणि ती ५१व्या स्तोत्राच्या सुरुवातीशी सख्खं नातं सांगते. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. शब्द ताजे होते की शिळे, याला त्या गोष्टीत काडीची किंमत नाही.

शिवाय, खरं सांगू का, आपल्या उत्स्फूर्त प्रार्थनाही कुठे उत्स्फूर्त असतात? प्रार्थना संगतीत एकदा कान देऊन ऐका. "या घटकेपर्यंत सांभाळलंस म्हणून तुझे उपकार मानतो." "डॉक्टरांच्या हातांना यश दे." "जाणाऱ्या-येणाऱ्या वाटेत तुझे दूत पाठव." "येशूच्या गोड नावाने मागतो म्हणून ऐक." चार महिने एकाच संगतीत बसलेल्या माणसाला पुढचं वाक्य आधीच ऐकू येतं. मी हे हिणवून म्हणत नाही, माझीही हीच वाक्यं आहेत. ती आपण आईवडिलांकडून, पाळकसाहेबांकडून उचलली, एवढंच की कुठून उचलली ते विसरलो. छापील पुस्तकवाला निदान सांगतो तरी की हे माझं नाही.

हा वाद काही आजचा नाही आणि त्यात माणसांनी पुष्कळ सोसलंय. इंग्लंडमध्ये १६६२ साली तिथल्या राजमान्य अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकातलीच उपासना चालवायची असा कायदा झाला. ते न मानणाऱ्या सुमारे २,००० पाळकांना आपापल्या मंडळ्यांमधून बाहेर पडावं लागलं. जॉन बनियन या इंग्लिश उपदेशकाला परवानगीशिवाय उपदेश केल्याबद्दल १६६० पासून बारा वर्षं तुरुंगवास झाला. पवित्र आत्म्याने प्रार्थना करायची असते, पुस्तकाने नव्हे, असं त्याने तुरुंगातून ठासून लिहिलं. त्याच्याशी माझं या बाबतीत जुळत नाही, पण त्याचा राग मला कळतो. राजाने तुमच्या तोंडात घातलेले शब्द ही एक गोष्ट. आपल्या तोंडात काही येत नाही म्हणून आपण हात पुढे करून घेतलेले शब्द ही दुसरी. सक्ती नको म्हणणाऱ्यांचे वारस आज शब्द आटलेल्या माणसावर उत्स्फूर्ततेची सक्ती करतात, हे मात्र मला पटत नाही.

माझ्या आत्याला पक्षाघात झाला तेव्हा तिची वाचा गेली. गेली म्हणजे आवाज होता, पण शब्द भलतेच यायचे. पाणी मागायला जायची आणि "खिडकी" म्हणायची. स्वतःच्या मुलीचं नाव तिला काही केल्या येईना, मग चिडून रडायची. एका संध्याकाळी आम्ही तिच्या पलंगाशी बसून प्रभूची प्रार्थना सुरू केली. ती तिसऱ्या शब्दाला आमच्यात सामील झाली आणि शेवटपर्यंत आली, एकही शब्द न चुकता. मग पुन्हा "खिडकी". हा चमत्कार आहे असं कोणी म्हणालं तर मी होकार देत नाही. अंक, वार, गाणी, प्रार्थना असं घोकून पक्कं झालेलं बोलणं पक्षाघातातही पुष्कळदा शाबूत राहतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. पण तिने ती प्रार्थना लहानपणी पाठ केली नसती, तर त्या दिवसांत देवाशी बोलायला तिच्यापाशी आवाजातलं काय उरलं असतं? "मनापासून होती का?" हे तिला विचारायची माझी तरी छाती झाली नसती.

म्हणून विचारणाऱ्याला मी स्तोत्रसंहिता हातात देते. १५० स्तोत्रं आहेत. सकाळी काही, संध्याकाळी काही असं वाटून महिन्याभरात सगळी म्हणायची पद्धत अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आहे. संत बेनेडिक्टच्या नियमात तर मठवासीयांनी आठवड्यात सगळी संपवायची असतात. तुम्ही एवढी घाई करू नका. दिवसाला एक पुरे. मनातल्या मनात वाचू नका, ओठ हलवून म्हणा. जिथे अडखळाल तिथे थांबा, कोणाचं नाव आठवलं तर तिथेच घ्या आणि पुढे चला. (जुन्या कॅथलिक पुस्तकातून म्हणत असाल तर बहुतेक क्रमांक एकाने मागे सापडतील. "परमेश्वर माझा मेंढपाळ" तिथे २२वं असतं, कारण ग्रीक भाषांतरात ९वं आणि १०वं स्तोत्र एकच धरलंय. पुस्तक चुकीचं नाही, घाबरू नका.)

मन भरून आलं नाही तरी म्हणा. ८८वं स्तोत्र तर मुद्दाम म्हणा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही. अंधारातच संपतं. ज्याचं दुःख अजून वळलेलं नाही, त्याला बळेच "पण तरी देवा, तू चांगला आहेस" म्हणायला न लावणारी प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे, हे कळल्यावर माणसं दचकतात आणि मग मोकळी होतात. तुमचं सगळं उत्तम चाललेलं असताना ते समोर आलं, तर ज्याचं चाललेलं नाही त्याच्या वतीने म्हणा. तुमच्या ओळखीत कोणीतरी असतंच.

शापाची स्तोत्रं तेवढी सुरुवातीला बाजूला ठेवली तरी चालतील. १३७व्याचा शेवट बाळांना खडकावर आपटण्याशी येतो, तो ओठांवर घेताना मीही थबकते. १९७१ मध्ये आलेल्या कॅथलिक दैनिक प्रार्थनाविधीत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं घेतलेलीच नाहीत. माझं मत थोडं निराळं आहे, असा राग देवासमोर ओकलेला बरा, तो शेजाऱ्यावर निघण्यापेक्षा. पण नवशिक्याला त्यात ओढायची गरज नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग स्वतःच्या शब्दांत करायचीच नाही का? करा की. पारसाच्या राजाला द्राक्षारस देणारा यहूदी सेवक नहेम्या, त्याने दोन्ही केलं. यरुशलेमच्या पडक्या भिंतींची बातमी आल्यावर पहिल्या अध्यायात तो उपास करून लांबलचक प्रार्थना करतो, आणि ती मोशेच्या शब्दांनी भरलेली आहे. देवाला तो चक्क मोशेला दिलेल्या वचनाची आठवण करून देतो. पुढे चारेक महिन्यांनी राजासमोर द्राक्षारसाचा पेला धरून उभा असताना राजा विचारतो, तुला काय हवंय? नहेम्या म्हणतो, तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास घेता येतो तेवढीच ती प्रार्थना. तिथे पुस्तक उघडायला वेळ नव्हता आणि शब्द काय होते तेही त्याने लिहून ठेवलं नाही. लगेच तो रजा मागतो, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागतो आणि वेशीच्या तुळयांसाठी राजाच्या वनातलं लाकूड मागतो.