अलॉय घेताना नुसती भोकं मोजून भागत नाही

भाच्याने स्विफ्ट घेतली, मधलं मॉडेल, म्हणजे 14 इंची स्टीलच्या रिम आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, मामा अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या रिम, टाकायचेत. बडोद्यात दुकानं काही कमी नाहीत, फतेगंजपासून सुरुवात केली, पण जाईल तिथे दुकानदार चार भोकं दाखवून म्हणणार "बेसी जशे साहेब". बसतं हो, बसायला काय!

ती भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्टचा 4x100, म्हणजे चार नट आणि समोरासमोरच्या दोन नटांमध्ये 100 एमएम. काही जुन्या फियाट गाड्यांचा 4x98 असतो, डोळ्यांना फरक कळतच नाही आणि ओढूनताणून नट लागतोही, पण तो तिरका बसतो आणि मग ढिला होतो. क्रेटाचा तर 5x114.3, नटच पाच, तिथे निदान गडबड व्हायला वाव नाही.

खरी गोम मधल्या मोठ्या भोकात आहे, सेंटर बोअर, आणि ते कोणी विचारतच नाही. स्विफ्टचा हब, म्हणजे गाडीचा ज्या गोल भागावर चाक बसतं तो, 54.1 एमएमचा आणि बाजारातले बरेच अलॉय 73.1 चे, कारण एकच डिझाइन दहा गाड्यांना विकायचं असतं ना. मग चाक हबवर न टेकता नुसत्या नटांच्या भरवशावर मध्यात येतं, जरा इकडेतिकडे झालं की अहमदाबाद एक्सप्रेसवेवर नव्वदला स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याच्या खेपा घालत बसतो. उपाय म्हणजे हब रिंग, आत 54.1 बाहेर 73.1. दुकानात पोऱ्याकडून हबची गंजलेली कड वायर ब्रशने घासून घेतली आणि रिंग हाताने दाबून बघितली, जरा जोर देऊन बसली पाहिजे, खुळखुळली तर परत.

ऑफसेट पण बघा, म्हणजे रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती एमएम आहे ते, रिमच्या मागे ईटी 45, ईटी 38 असं कोरलेलं असतं. आकडा 10 ने कमी म्हणजे चाक 10 एमएम बाहेर, दिसतं झकास, पण मागे तिघं बसून गाडी खड्ड्यात गेली की टायर फेंडरला घासतो. आणि चाक बाहेर काढायला हब आणि रिमच्या मध्ये घालतात त्या चकतीच्या, स्पेसरच्या, भानगडीत तर पडूच नका. तिथेच रिमच्या मागे लोड, म्हणजे रिम किती वजन पेलते तो आकडा, आणि जेडब्ल्यूएल या अलॉयच्या जपानी मानकाचा शिक्का आहे का बघायचं, नसेल तर कितीही स्वस्त असो, मी हात लावत नाही.

साइजवरून मात्र आमचं चांगलंच वाजलं. त्याला 16 हवे होते. 195/55 (रुंदी 195 एमएम, भिंतीची उंची तिच्या 55 टक्के) टाकला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, म्हणजे मीटर बिघडत नाही, गणित बरोबर आहे. पण टायरची भिंत आताच्या 165/80 च्या 132 एमएमवरून 107 वर येते, आणि पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते, पाण्याखाली खड्डा की गटाराचं झाकण ते कळत नाही, रिमला बाक यायला कितीसा वेळ लागतो? शेवटी 15 वर आणि 185/65 वर तोडपाणी झालं, वरच्या मॉडेलला कंपनीच हाच टायर देते. सेवउसळ त्याच्याकडून.

शंभरेक किलोमीटर चालवून नट परत टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळायला लावले, आणि जुने नट डिकीतच ठेवलेत, कारण स्टेपनी स्टीलची आहे आणि अलॉयचे नवे नट तिला नीट बसतीलच असं नाही.