रेडियंट हिस्टोरिया : घटनांचा क्रम बदलण्याचा खेळ

हातात धरून खेळायच्या यंत्रांवरच्या उत्तम आरपीजींची, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या कथाप्रधान गेम्सची, चर्चा निघाली की तीच ती चार-पाच नावे पुढे येतात, आणि त्यांत 'रेडियंट हिस्टोरिया' क्वचितच असतो. याचे मोठे कारण त्याच्या जन्मवेळेत आहे. अ‍ॅटलस कंपनीने निन्टेंडो डीएससाठी बनवलेला हा गेम जपानमध्ये नोव्हेंबर २०१० मध्ये आणि उत्तर अमेरिकेत २२ फेब्रुवारी २०११ रोजी आला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी तिथे 'पोकेमॉन ब्लॅक' आणि 'पोकेमॉन व्हाइट' आले, आणि मार्च संपता संपता खुद्द निन्टेंडोचे पुढचे यंत्र, थ्रीडीएस, बाजारात उतरले. डीएसची सद्दी संपत आलेली असताना, कोणत्याही जुन्या मालिकेचे पाठबळ नसलेल्या नव्या गेमकडे किती जणांचे लक्ष जाणार? युरोपात तर ही मूळ आवृत्ती अधिकृतपणे आलीच नाही.

कथेची सुरुवात वाचली तर फारसे वेगळे काही जाणवत नाही. एक खंड हळूहळू वाळवंट होत चालला आहे, उरलेल्या सुपीक जमिनीसाठी अ‍ॅलिस्टेल आणि ग्रॅनॉर्ग ही दोन राज्ये लढत आहेत, आणि आपला नायक स्टॉक हा अ‍ॅलिस्टेलच्या गुप्तहेर खात्यातला मितभाषी माणूस आहे. त्याचा वरिष्ठ हाइस त्याला एका कामगिरीवर पाठवताना रेनी आणि मार्को हे दोन सोबती देतो आणि जाता जाता एक कोरे दिसणारे पुस्तकही हातात ठेवतो. कामगिरी फसते, घातपात होतो, रेनी आणि मार्को मारले जातात. जखमी स्टॉक मात्र मरत नाही. काळाच्या बाहेर असलेल्या 'हिस्टोरिया' नावाच्या जागी तो पोहोचतो आणि तिथली दोन मुले, टिओ आणि लिप्टी, त्याला सांगतात की 'व्हाइट क्रॉनिकल' हे ते पुस्तक ज्याच्याजवळ आहे, त्याला घडून गेलेल्या क्षणांकडे परत जाता येते. स्टॉक मागे जातो आणि रेनी आणि मार्कोला वाचवतो.

काळात मागे जाण्याची कल्पना आरपीजींमध्ये नवी नाही. पण इतरत्र ती बहुतेकदा प्रवासाचे साधन असते : या युगातून त्या युगात जायचे आणि तिथले काम उरकून पुढे सरकायचे. इथे ती विचार करण्याची पद्धत आहे. थोड्याच वेळात स्टॉकपुढे एक निवड येते : हाइसच्या हाताखाली हेरगिरी करत राहायचे, की जिवलग मित्र रॉश याच्या नव्या सैन्यतुकडीत जायचे. जी वाट निवडू तिच्यावर कथा पुढे जाते आणि दुसरी वाटही तितक्याच खरेपणाने अस्तित्वात राहते. तिथून पुढे गेम या दोन समांतर इतिहासांत विभागला जातो, आणि एका इतिहासात आपण अडलो की उत्तर बहुधा दुसऱ्या इतिहासात सापडते. तिथे शिकलेले कौशल्य, मिळालेली वस्तू, कळलेले गुपित असे सगळे स्टॉकबरोबर इकडे येते. एका इतिहासात दरडीने रस्ता अडवलेला असतो आणि स्फोटके लावण्याची विद्या दुसऱ्या इतिहासात मिळते, अशा धर्तीची ही गुंफण आहे. ती प्रत्येक ठिकाणी घट्ट आहे असे नाही. इकडे एखाद्याचा जीव वाचला म्हणून तिकडचे संकट का टळावे, याचे गेमने दिलेले स्पष्टीकरण काही जागी ओढूनताणून आणलेले वाटते.

मला सर्वांत जास्त आवडते ती चुकीच्या निवडीला मिळणारी वागणूक. आपण सगळेच खेळाडू निर्णयाच्या आधी गेम सेव्ह करून ठेवतो, परिणाम वाईट निघाला तर गुपचूप मागे येतो आणि असे काही घडलेच नाही असे धरून चालतो. 'रेडियंट हिस्टोरिया' ही लबाडी उघडपणे कथेत ओढून आणतो. निवड चुकली की त्या वाटेवर पुढे काय झाले, कोणते राज्य पडले, कोण मेले, हे थोडक्या शब्दांत सांगितले जाते आणि आपण पुन्हा त्या वळणावर येतो. मात्र ती वाट घटनाक्रमाच्या नकाशावर कायमची नोंदली जाते. स्टॉकला ते सगळे आठवत असते आणि त्याच्या सोबत्यांना नसते. ज्याला मरताना पाहिले त्याच्याशी काहीच न सांगता साधे बोलावे लागणे हा त्याच्या मितभाषी स्वभावाचा सर्वांत पटणारा खुलासा आहे. एरवी अशा अबोल नायकांचा मला कंटाळा येतो.

आता लढाईकडे येतो, कारण गेमचे खरे वैशिष्ट्य तिथे आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. शत्रू तीन बाय तीन घरांच्या पटावर उभे असतात. पुढच्या रांगेतला शत्रू जास्त जोराने मारतो आणि मारही जास्त खातो. स्टॉककडे शत्रूला मागे, डावीकडे किंवा उजवीकडे ढकलणारे वार आहेत. समजा, एक शत्रू पुढच्या रांगेत मधोमध आहे, दुसरा बरोबर त्याच्या मागे आणि तिसरा त्या दुसऱ्याच्या उजव्या हाताला. पहिल्याला मागे ढकलले की तो दुसऱ्याच्या घरात जाऊन पडतो. तिसऱ्याला डावीकडे ढकलले की तिघेही एकाच घरात गोळा होतात, आणि मग रेनीचा एकच वार तिघांनाही बसतो. अडचण एवढीच की आपल्या चाली सलग आल्या तरच हे जमते. मध्येच शत्रूची पाळी आली की गोळा झालेले शत्रू पुन्हा पांगतात.

म्हणून इथे पाळ्यांची अदलाबदल करण्याची सोय दिली आहे. कोणाची चाल कधी येणार हा क्रम पडद्यावर दिसत राहतो, आणि आपली पाळी सोबत्याच्याच नव्हे तर शत्रूच्याही पाळीशी बदलता येते. शत्रूला आधी मारू द्यायचे, आपल्या चाली पुढे एकापाठोपाठ एक रचून ठेवायच्या आणि मग एका दमात हल्ला चढवायचा. याची किंमतही मोजावी लागते, कारण पाळी बदललेल्या पात्राला त्याची चाल येईपर्यंत जास्त मार बसतो. पुढे आट नावाची लहान मुलगी संघात येते. ती मोकळ्या घरांत सापळे पेरते आणि शत्रूला त्या घरात ढकलले की सापळा फुटतो, त्यामुळे हा हिशेब आणखी रंगतो. इथे लक्षात येते की कथेत आणि लढाईत आपण एकच काम करत असतो : घटना त्याच ठेवून त्यांचा क्रम बदलणे, आणि त्यासाठी मधला तोटा सोसणे. गोष्ट आणि खेळण्याची पद्धत इतकी एकजीव झालेली आरपीजी मी फार कमी पाहिली आहे.

दोष आहेतच. उत्तरार्धात किरकोळ लढायांची संख्या इतकी वाढते की तोच शत्रू, तेच ढकलणे नकोसे होते. मैदानावर दिसणाऱ्या शत्रूला तलवारीने भोवळ आणून बाजूने निसटता येते, ही त्यातल्या त्यात सोय. मागे गेल्यावर ऐकलेले संवाद वगळता येतात, तरी त्याच वाटा पुन्हा तुडवाव्या लागतात. योको शिमोमुरा यांचे संगीत सुरेख आहे, पण धुना मोजक्या असल्यामुळे त्या वारंवार कानी पडतात.

थ्रीडीएसवर 'रेडियंट हिस्टोरिया : परफेक्ट क्रॉनॉलॉजी' ही नवी आवृत्ती जपानमध्ये २०१७ मध्ये आणि इतरत्र फेब्रुवारी २०१८ मध्ये आली, आणि युरोपातल्या खेळाडूंना हा गेम तेव्हा प्रथमच अधिकृतपणे मिळाला. तिच्यात पात्रांना आवाज आहेत, चेहऱ्यांची चित्रे नव्याने काढली आहेत आणि नेमेसिया या नव्या पात्राभोवती फिरणारा तिसरा इतिहासही जोडला आहे. नवी चित्रे गुळगुळीत असली तरी जुन्या चित्रांतला थकवा त्यांत उतरलेला नाही, असे माझे मत. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झाल्यामुळे दोन्ही आवृत्त्यांसाठी आता जुन्या कार्ट्रिजचा शोध घ्यावा लागतो. नवी आवृत्ती हाती लागली तर सुरुवातीला 'अपेंड' आणि 'परफेक्ट' असे दोन पर्याय समोर येतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने 'अपेंड' निवडावा. त्यात मूळ कथा आधी सलग पूर्ण होते आणि नेमेसियाचा भाग नंतर उघडतो. 'परफेक्ट'मध्ये तो भाग सुरुवातीपासूनच मध्ये मध्ये येत राहतो, आणि दोन इतिहासांचा ताळमेळ अजून लागायचा असताना तिसरा डोक्यात घालण्यात काही मजा नाही.