टिफ बाहेर, फाँट आत

दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांनी, काढला की फाइल होते ८६४० बाय ६९१२ पिक्सेलची. म्हणजे जवळजवळ सहा कोटी ठिपके. छपाईचे चार रंग धरले तर कॉम्प्रेस न केलेली टिफ, म्हणजे छपाईला पाठवायची फाइल, २४० एमबीच्या घरात जाते. वाढदिवसाच्या एका बॅनरची! मध्ये साहेब, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, आणि रात्री नऊला फोन: "ताई, दुसऱ्या रांगेतला कडेचा काढा, तो आता आपल्यात नाही." म्हणजे वारला वगैरे नाही, पक्ष बदललाय. की काढा नवीन टिफ, पुन्हा २४० एमबी.

नाशिकमध्ये शालिमारला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, त्र्यंबकच्या गुरुजींची कार्डं, द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं, आणि फ्लेक्सची डिझाइनं. मशीन आमचं नाही, फ्लेक्स अंबडहून छापून येतो. दुकान बंद झाल्यावरच्या दुरुस्त्या पुतण्या सिडकोतून, घरूनच करतो. त्यासाठी कामाचं फोल्डर ड्रॉपबॉक्सवर सिंकला लावलंय, म्हणजे इथली फाइल वर इंटरनेटवर, क्लाउडवर चढते आणि त्याच्या पीसीवर उतरते. आणि त्यातलं काय वर जाऊ द्यायचं नाही, यावर मी जेवढं डोकं लावलंय तेवढं काय जाऊ द्यायचं यावर लावलेलं नाही.

लोक साइज बघून ठरवतात. मोठी फाइल सिंकच्या बाहेर, छोटी आत. मला ते पटत नाही. मी बघते, ही फाइल उडाली तर मशीन ती पुन्हा बनवून देईल का? टिफ देईल, सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममधली मूळ फाइल, शाबूत असली की झालं. एक्स्पोर्ट मारा, चहा घ्या, टिफ तयार. म्हणून टिफ बाहेर. याउलट ग्राहकाला पाठवलेली प्रूफची जेपीजी शंभर-दीडशे केबीची असते, आणि त्यावर त्याने व्हॉट्सॲपला "ओके" म्हटल्याचा स्क्रीनशॉट त्याहून लहान. पण पत्रिकेत मामांचं नाव राहिलं म्हणून माणसं भांडायला येतात तेव्हा तो स्क्रीनशॉट कुठलंही मशीन पुन्हा बनवून देत नाही. तो आधी वर जातो.

आता खरी मेख. "हे सिंक करू नको" याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही एकमेकांच्या उलटे आहेत. ड्रॉपबॉक्सच्या सेटिंगमध्ये सिलेक्टिव्ह सिंक असतं. तिथं एखाद्या फोल्डरची टिक काढली की ते फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवरून जातं, क्लाउडवर मात्र राहतं. डिस्क भरत आली असेल तर हे कामाचं. पण माझी गरज बरोबर उलटी होती: फाइल दुकानातल्या पीसीवर राहू दे, वर नको. त्यासाठी वेगळी सोय आहे. फोल्डरवर "इग्नोर्ड" अशी खूण करावी लागते. विंडोजमध्ये ती पॉवरशेल नावाच्या कमांड लिहायच्या खिडकीतून एका ओळीच्या कमांडने होते, कमांड ड्रॉपबॉक्सच्या मदतीच्या पानावर जशीच्या तशी मिळते. खूण झाली की ते फोल्डर तुमच्या डिस्कवर जागच्या जागी राहतं, पण क्लाउडवरून आणि बाकीच्या कॉम्प्युटरांवरून काढलं जातं. हे नीट वाचा. दुसऱ्या पीसीवर कुणी त्यातली फाइल उघडून बसलं असेल तर आधी त्याला फोन करा.

ही खूण एकेका फाइलला किंवा फोल्डरला लागते. या खुणेने "सगळ्या टिफ" असं सांगता येत नाही. म्हणून मी टिफ कामाच्या फोल्डरमध्ये पडूच देत नाही. "आउटपुट" नावाचं एकच फोल्डर, त्याला एकदाच खूण, आणि सगळी एक्स्पोर्ट तिथंच. सुरुवातीला पुतण्या कुरकुरला, "काकू, प्रत्येक वेळी तिथं जाऊन कोण सेव्ह करणार?" मग त्याच्या लक्षात आलं की कोरलड्रॉ मागचं एक्स्पोर्टचं फोल्डर बहुतेक वेळा आपणच समोर आणून ठेवतो.

कोरलचाच दुसरा उपद्व्याप म्हणजे "बॅकअप ऑफ"वाल्या फायली. सेव्ह केलं की मूळ फाइलच्या शेजारी तिची आधीची प्रत ठेवली जाते. मूळ फोल्डरमध्येच असल्यामुळे ती वेगळी काढता येत नाही, आणि दर सेव्हला एकाऐवजी दोन फायली वर चढतात. ऑप्शन्समधली "मेक बॅकअप ऑन सेव्ह"ची टिक मी काढून टाकली. ड्रॉपबॉक्स साध्या खात्यातही गेल्या ३० दिवसांतल्या आवृत्त्या जपून ठेवतो, मग ही दुसरी प्रत हवी कशाला? ऑटो-बॅकअप मात्र चालू ठेवलाय. लाइट गेली तर तोच उपयोगी पडतो, आणि तो टेम्प फोल्डरमध्ये जातो, सिंकच्या वाटेत येत नाही.

ग्राहकांच्या फोटोंसाठी आम्ही सिंकथिंग वापरतो. त्यात मध्ये कुणाचा क्लाउड नाही, दुकानाचा पीसी थेट घरच्या पीसीशी बोलतो. तिथं मात्र नावावरून, एक्स्टेन्शनवरून गाळता येतं. फोल्डरच्या इग्नोर पॅटर्न्समध्ये ओळी लिहायच्या. लोक फोटो द्या म्हटलं की अख्खा पेनड्राइव्ह आणून देतात, साखरपुड्याच्या व्हिडिओंसकट. मग "सगळे एमपी४ नकोत" अशी एक ओळ. पण रीलचं काम असलं तर रीलच्या फोल्डरमधले हवेत. अपवादाच्या ओळीआधी उद्गारचिन्ह टाकतात, आणि ती ओळ वर लिहावी लागते. सिंकथिंग वरून खाली वाचत येतं आणि जी ओळ पहिल्यांदा जुळेल ती धरतं. अपवाद खाली लिहिलात तर तिथपर्यंत ते पोचतच नाही. शिवाय ही यादी स्वतः सिंक होत नाही, दोन्ही पीसीवर वेगवेगळी लिहायची. एकच फोल्डर ड्रॉपबॉक्स आणि सिंकथिंग दोघांच्याही ताब्यात देऊ नका, एवढं ऐका.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवाल्यांनी डेस्कटॉपचा बॅकअप चालू आहे का ते बघावं. आपल्या धंद्यात निम्मं काम डेस्कटॉपवरच पडलेलं असतं, ते सगळं वर चढतं आणि फुकटची जागा ५ जीबी. माझ्या हिशेबाने वीस-एकवीस टिफ. गूगल ड्राइव्हमध्ये १५ जीबी मिळतात, पण ती जीमेल आणि फोटोंबरोबर वाटून.

एका फोल्डरला मात्र मी सिंकच्या आवारातच येऊ देत नाही. लोक फॉर्मसाठी, झेरॉक्ससाठी आधार, पॅन पाठवतात. ते डी ड्राइव्हवर वेगळं, खूण वगैरे काही नाही, कारण फोल्डर नव्याने बनवलं की अशी खूण परत करावी लागते आणि ती करायची राहू शकते. काम झालं की संध्याकाळी ते फोल्डर रिकामं.

आणि फाँट. "सिस्टिमचं काहीतरी असेल" म्हणून लोक फाँटचं फोल्डर वगळतात. आमच्या जुन्या पत्रिका युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांत आहेत. तो फाँट नसलेल्या पीसीवर फाइल उघडली तर "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खच दिसतो. म्हणून लायसन्स घेतलेले सगळे फाँट कामाच्या फोल्डरमध्ये "फाँट" नावाने आत, आणि दोन्हीकडे तिथूनच इन्स्टॉल केलेले.

जे वगळलं ते आपल्याशिवाय कुणाकडे नाही, हे उघड आहे. त्यामुळे मोठ्या कामांची शेवटची टिफ बिल मिळेपर्यंत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर असते. बिल मिळालं की उडवते.

२०१५च्या सिंहस्थाची कामं सिलेक्टिव्ह सिंकने दोन्ही पीसीवरून काढली आहेत, ती फक्त वर आहेत. पण आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि "मागच्या वेळचंच डिझाइन, फक्त साल बदला" म्हणणारे यायला लागलेत. त्या फोल्डरला परत टिक केली आहे. दुकानाच्या ब्रॉडबँडवर ते रात्रभर उतरत राहील.