पाऊण लाखाचा फरक

माझं काम दोष काढण्याचं. जुनी गाडी घेणारा माणूस मला फोन करतो, मी डीलरकडे जाऊन गाडी तपासतो, फोटोंसकट अहवाल देतो आणि फी घेतो. पुण्यात आता हे काम बरेच जण करतात. मी सुरुवात केली तेव्हा डीलर मला 'इन्कम टॅक्सवाला' म्हणायचे. अहवालात मी 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं कधी लिहीत नाही. जे दिसलं ते लिहितो. किमतीच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही हा नियम माझाच, आणि त्या शनिवारी तो मोडलाही मीच.

अण्णा सांगलीचे. मार्केट यार्डात हळदीची अडत, वय साठीला टेकलेलं. फोनवर म्हणाले, "फोर्डची मस्टँग बघितलीय बाणेरला. घरात सगळ्यांना डिझेल आवडतं ओ. मला आवाज पाहिजे."

आवाजासाठी मस्टँग म्हणजे माणूस चुकीच्या दारात उभा नव्हता. २०१६ साली ही गाडी भारतात अधिकृतपणे आली ती पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन घेऊन, ४०१ पीएस म्हणजे साधारण चारशे अश्वशक्तीची. दिल्लीत शोरूमची किंमत ६५ लाखांच्या घरात. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. मस्टँग बाहेरूनच येत होती, पण कंपनीनंच गाशा गुंडाळायला घेतल्यावर तिची हौस कोण पुरवणार? तेव्हा आता इथे जी काही आहे ती कुणीतरी वापरलेली. त्यातली धड किती आणि विकायला निघालेली किती, हे बघितलं की अण्णांचा घाईचा सूर समजत होता.

गाडी लाल, एमएच-०२, पहिलाच मालक, २१ हजार किलोमीटर. 'पार्क अँड सेल'वर लावलेली. म्हणजे गाडी डीलरच्या दारात, पण मालकी अंधेरीतल्या माणसाची. डीलर मध्ये कमिशन खाणार. अशा सौद्यात समोर बसलेल्या माणसाला 'हो' म्हणायचा अधिकार नसतो. तो दर दहा मिनिटांनी फोन घेऊन बाहेर जातो, आणि आत बसलेला गिऱ्हाईक थंड चहाकडे बघत बसतो.

सकाळी दहाला मी पोचलो. आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गरम इंजिन बरंच काही लपवतं. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. चावी फिरवायची गरजच नाही, बटण आहे. ते दाबलं. शेडचा पत्रा थरथरला. अण्णांनी छपरावर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी मोबाइलवर चित्रीकरण करत होतो, त्यात तो हात आलाय.

मग रंग. रंगाची जाडी मोजायचं स्वस्त मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं. या गाडीचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, तिथे ते आंधळं होतं. माझ्याकडे दोन्ही धातूंवर चालणारं आहे. सगळीकडे ११० ते १३५ मायक्रॉन, कंपनीतून आला तसा रंग. पुढचा बंपर खालून घासलेला. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ही गाडी घासली नसती तर मीच किलोमीटरवर शंका घेतली असती.

सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, गालिचा उचलून खालची जागा हुंगली. चिखलाची रेघ बेल्टच्या आतल्या टोकाला राहते, तिथे धुवायचं कुणाला सुचत नाही. पुरातली गाडी म्हणजे काय हे अण्णांना सांगावं लागलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. ते म्हणाले, "ओल्या हळदीचा वास आणि ओल्या गाडीचा वास, दोन्ही अंगातून जात नाहीत."

एका ठिकाणी मी चमकलो. स्कॅनर लावल्यावर कळलं की गाडीच्या संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी १४ किलोमीटरपूर्वी पुसल्या गेल्यात. विक्रीच्या तोंडावर नोंदी पुसणं म्हणजे मयताच्या आधी कपाट आवरण्यासारखं. विचारल्यावर डीलरकडचा पोरगा म्हणाला, "सर, बॅटरी बदलली." हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. पण बॅटरीवरचा शिक्का खरंच गेल्याच महिन्यातला होता, आणि बॅटरी काढली की बऱ्याचदा नोंदी जातात हेही खरं. पंचवीस किलोमीटर फिरवून पुन्हा स्कॅनर लावला. काही नाही.

पोरगा २०१८ ची म्हणत होता. चासिस नंबरातलं दहावं अक्षर 'एच', म्हणजे २०१७ चं मॉडेल, नोंदणी तेवढी जानेवारी २०१८ ची. आणि टायर. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे ३२१७. २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. चारही टायर गाडीबरोबर आलेले. नक्षी छान, रबर दगड. बारीक चिरा. चारशे अश्वशक्तीच्या, मागच्या चाकांवर ढकलणाऱ्या गाडीला असे टायर म्हणजे पावसात खेळ नको.

एवढंच. टायर, घासलेला बंपर, मॉडेलचं साल. बाकी गाडी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की मला अस्वस्थ व्हायला लागलं. हे कबूल करायला बरं वाटत नाही, पण खरं आहे: काही सापडलं नाही की मला फुकटचे पैसे घेतल्यासारखं वाटतं. सांगलीहून माणूस आलाय, फी देतोय, आणि मी सांगणार काय, तर 'गाडी चांगली आहे'?

केबिनमध्ये बोलणी सुरू झाली. सांगितलेला भाव ५२ लाख. अण्णांनी ४६ पासून सुरुवात केली. अण्णांचं बोलणं बघण्यासारखं होतं. आकडा सांगून गप्प बसायचे, समोरच्याला बोलू द्यायचे. मध्येच त्यांनी दहाएक लाख रोखीचं सुचवलं. डीलरनं हात जोडले. दोन लाख आणि त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही, उद्या नोटीस त्याच्या नावावर. अण्णाही लगेच "ठीक, सगळे बँकेतून" म्हणाले. विचारून बघायची सवय.

बारा वाजता मालक ५० वर आला. इथे मी तोंड उघडलं. टायरचा हिशेब मांडला, सालाचं अक्षर दाखवलं, बंपरचा फोटो फिरवला. डीलर बाहेर जाऊन आला. ४९ लाख २५ हजार. अण्णा ४८.५० वर. मध्ये पाऊण लाख.

डीलर म्हणाला, "शेठ, एवढ्यावर मालक हलणार नाही. हैदराबादची एक पार्टी आहे, व्हिडिओवर गाडी बघितलीय त्यांनी."

हैदराबादची पार्टी! प्रत्येक डीलरकडे ती असते. कधी इंदूरची, कधी कोचीची, पण नेहमी लांबची, आणि नेहमी आज संध्याकाळपर्यंत कळवणारी. जाता जाता पोरगा हळूच म्हणाला, "सर, एक लाख तरी यूपीआय करून ठेवा ना, मी गाडी होल्डवर टाकतो."

आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो. अण्णा म्हणाले, "साहेब, देऊन टाकूया का? माल स्वच्छ आहे."

मी म्हटलं, "अण्णा, घाई नको. हैदराबादवाला इतके कशाला देईल? त्याला इथून एनओसी काढायची, तेलंगणाचा लाइफ टॅक्स नव्यानं भरायचा, वर ट्रेलरचं भाडं. त्याला ही गाडी आपल्यापेक्षा कितीतरी महाग पडते. आपण जेवून येऊ. तासाभरात हाच फोन करील."

गणित बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

अण्णांनी गाडीकडे एकदा बघितलं आणि निघाले. जेवताना भाकरी मोडता मोडता त्यांनी वडिलांबरोबर बैलबाजाराला जायचे तेव्हाची गोष्ट सांगितली. रुमालाखाली दोघांचे हात, बोटांवर भाव, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. "वडील म्हणायचे, पटलं तर बोटं दाबायची, नाहीतर सोडायची. धरून ठेवून इकडंतिकडं बघायचं नाही." मला ती जुनी आठवण वाटली. मी ताक मागवलं.

सव्वातीनला परतलो तर गाडीवर कव्हर चढवलेलं. पोरगा आमच्याकडे न बघता टेबलावरचे कागद सारखे करत होता.

डीलरनं मोबाइल पुढे केला. दोन वाजून पन्नास मिनिटं, पाच लाख जमा, आरटीजीएस. हैदराबादच्या पार्टीनं ४९.५० ला होकार दिला होता. गाडी डोळ्यांनी न बघता, घासाघीस न करता, मालकाच्या आकड्यावर पंचवीस हजार चढवून.

अण्णा म्हणाले, "पन्नास देतो."

डीलर क्षणभर थांबला. खरं सांगतो, मला वाटलं तो फोन घेऊन पुन्हा बाहेर जाणार. पण तो म्हणाला, "अण्णा, पैसे आलेत. आता नाही जमायचं."

मी उसळलो. आम्ही सकाळपासून बसलोय, तपासणी आमची, बोलणी आमची, एक तास थांबता येत नव्हतं का, वगैरे. अण्णांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "साहेब, त्यानं इसार घेतलाय. आपला एक लाख मागत होता, आपण दिला नाही. विषय संपला." मग डीलरकडे वळून, "चहा सांगा की. सकाळचा गार झालता."

चहा झाला. माझ्या घशाखाली उतरेना. तो डीलर खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात आलं. इतक्या वर्षांत मला खोटं बोलणारे पुष्कळ भेटले, त्यांच्यामुळेच माझं घर चालतं. हा नेमका खरं बोलत होता, बॅटरीबद्दलही आणि हैदराबादबद्दलही. बॅटरीचं मी तपासून बघितलं. हैदराबादचं तपासायला यंत्र नव्हतं, म्हणून खोटं धरलं.

फी घ्यायला मी नको म्हणत होतो. अण्णांनी इनोव्हात बसता बसता पूर्ण रक्कम पाठवली. "तुम्ही तपासलं ते तपासलंच की." एवढं बोलून काच वर गेली, पुन्हा खाली आली. "तो सकाळचा व्हिडिओ तेवढा टाका मला. चालू केली तेव्हाचा."

नऊ दिवसांनी त्याच डीलरचा फोन. हैदराबादला गाडी पोचली होती. घेणारा तिशीतला तरुण, घरच्यांना न विचारता घेतलेली, आणि आता वडील विचारतायत की कुणाला दाखवली तरी होती का. आमची तपासणी झालीय हे त्याला कळलं होतं. "सर, तो रिपोर्ट मिळेल का? फी देतो म्हणतोय."

अहवाल अण्णांच्या पैशांचा, मी परस्पर कसा देणार? सांगलीला फोन लावला. मागे लिलावाचा गलका चालू होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठवा की. फी नका घेऊ, ती मी दिलीय."

मी बरं म्हणून फोन ठेवणार तेवढ्यात, "आणि साहेब, त्यात ते टायरचं पान कितवं आहे?"

"सातवं."

"ते पहिलं करा. पोरगं पळवणार ती गाडी."