तुम्ही विचारलंत म्हणून: पुलमनच्या टीमसाठी जीव का तुटतो

गणपतीत सिअ‍ॅटलला मंडळी भेटली की कुणीतरी विचारतंच. सांगलीहून भावाचा फोन आला की तोही विचारतो. "तू क्रिकेटवर वाढलेला माणूस. कॉलेजातल्या पोरांच्या फुटबॉलचे टीव्हीचे पैसे कुणाला मिळाले, यात तुझं काय गेलं? आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले तेव्हा तर काही बोलला नाहीस." दरवेळी मी विषय बदलतो. यंदा एकदाच सगळं सांगून टाकतो. पुलमन हे वॉशिंग्टन राज्यातलं आमचं गाव, आणि टीम तिथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाची.

आयपीएलचं उदाहरण मला पटत नाही. तिथली टीम हंगाम संपला म्हणून उठून दुसऱ्या लीगमध्ये जाऊ शकत नाही. इथे जाऊ शकते.

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, टीव्हीवर किती दिसणार, हे कॉलेजांच्या खेळांची एनसीएए ही एकच संस्था ठरवायची. घरबसल्या सामने दिसले तर स्टेडियम ओस पडतील, अशी तिला धास्ती होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने दावा लागला, सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला आणि हक्क मोकळे झाले. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी बायरन व्हाइट हे स्वतः कॉलेजात गाजलेले फुटबॉलपटू होते. मला त्याचं नेहमी विशेष वाटतं. एकेकट्या विद्यापीठाला भाव येत नाही, म्हणून सगळे आपापले हक्क कॉन्फरन्सला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला, लिहून देतात. कॉन्फरन्स सामन्यांचा एकत्र सौदा करते आणि पैसे वाटते. २०११ मध्ये आमच्या पॅक-१२ या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांच्या कॉन्फरन्सने ईएसपीएन आणि फॉक्स या वाहिन्यांशी बारा वर्षांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा सगळ्यांना सारखा वाटा ठरला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला जेवढा, तेवढाच गव्हाच्या टेकड्यांमधल्या आमच्या वॉशिंग्टन स्टेटला. माझे वडील साखर कारखान्याचे सभासद होते. एक सभासद, एक मत, हे घरात ऐकतच मी मोठा झालो. या कॉन्फरन्सवर माझा जीव जडला तो त्या वाट्यामुळे. खेळाचे नियम नंतर कळले.

पुढच्याच वर्षी पॅक-१२ ने स्वतःचं चॅनल काढलं, पूर्ण स्वतःच्या मालकीचं. बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने २००७ मध्ये चॅनल काढताना फॉक्सला भागीदार केलं होतं, एसईसी या आणखी एका कॉन्फरन्सचं नंतर आलं ते ईएसपीएनच्या मालकीचं. अशा चॅनलचा मुख्य पैसा केबलच्या बिलातून येतो. दर घरामागे, दर महिन्याला ठरलेली रक्कम. मग त्या घरात सामना कुणी बघो न बघो. कॉन्फरन्सचं विद्यापीठ ज्या राज्यात, तिथे दर चढा. २०१४ मध्ये बिग टेनने न्यू जर्सीच्या रटगर्सला घेतलं ते न्यूयॉर्कच्या आसपासची घरं त्या चढ्या दरात यावीत म्हणून.

आता घरांचंच सांगतो. मी विद्यापीठात गव्हाच्या वाणांवर काम करतो. पुलमनपासून दहा मैलांवरच्या एका शेतकऱ्याने आमच्या चाचणीसाठी जमिनीची एक पट्टी दिली आहे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. तिकडे केबल पोचत नाही, छपरावर डायरेक्टटीव्हीची डिश. आणि पॅक-१२ चं चॅनल डायरेक्टटीव्हीवर कधीच आलं नाही. दराचं जमलं नाही. ज्यांच्या शेतातून आमचं स्टेडियम जवळ, त्यांना स्वतःच्या घरात स्वतःची टीम दिसेना. सामना त्या चॅनलवर असला की ते माझ्याकडे यायचे, येताना विद्यापीठाच्या डेअरीतला चीजचा डबा आणायचे. मी त्यांना समजावायचो, "थोडं थांबा. चॅनल आपलं आहे. भागीदार घेतला की उद्या तो आपल्या डोक्यावर बसेल."

२०१९ मध्ये मी केबल काढून टाकली. महिन्याला शंभर डॉलर वाचत होते, मुलीचं कॉलेज तोंडावर होतं. त्यानंतर ते सामना बघायला कुठे जात होते, मी विचारलं नाही.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए आदल्या वर्षीच बिग टेनकडे जायला निघाल्या होत्या, कोलोरॅडो आठवड्यापूर्वी गेली होती. त्या सकाळी उरलेल्या नऊ जणी (त्यांत आम्ही, आणि सिअ‍ॅटलची वॉशिंग्टन, ती आमच्याहून वेगळी) अ‍ॅपलच्या टीव्ही-हक्कांच्या प्रस्तावावर एकत्र राहणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मी आमच्या पट्टीवर कणसं मोजत होतो. दुपारी पलीकडच्या उतारावरचं त्या शेतकऱ्याचं कंबाईन थांबलं. कोरड्या उन्हात, ऐन कापणीत कंबाईन उगाच कुणी थांबवत नाही. मला वाटलं, बेअरिंग गेलं असेल. ते खाली उतरले, धसकटांतून चालत आले. भुवयांवर भुसा.

"ओरेगन आणि वॉशिंग्टन गेल्या. रेडिओवर सांगितलं."

"सह्या होणार होत्या ना?" मी म्हणालो.

ते माझ्या हातातल्या कणसांकडे बघत राहिले. "अकरा वर्षं तू मला सांगतोयस, चॅनल आपलं आहे. आपलं होतं, तर माझ्या घरात का नाही आलं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते वळले, शिडी चढले, कंबाईन सुरू झालं. रात्रीपर्यंत अ‍ॅरिझोनाच्या दोन्ही आणि युटाही गेल्या. उरल्या चार, महिन्याभरात दोन, आम्ही आणि ओरेगन स्टेट. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे जवळपास अर्ध्या वाट्यावर गेल्या. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीने बिग टेनला सात वर्षांसाठी ७ अब्जांहून जास्त मोजले होते. तिथला अर्धा वाटा इथल्या सारख्या वाट्याहून जड होता.

तुम्ही म्हणाल, एका घराने केबल काढली म्हणून काय बिघडलं? काही नाही. लाखो घरांनी काढली. मीही भावाला हेच सांगतो. पण त्या लाखांतलं प्रत्येक घर हेच म्हणत असणार.

आणि २०१२ चा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, भागीदार घेणाऱ्या एसीसी या कॉन्फरन्सचं तरी काय झालं? फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन स्वतःच्याच कॉन्फरन्सविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये तडजोड झाली, की मोठा वाटा आता कुणाचे सामने किती लोक बघतात यावर ठरणार. म्हणजे सारखा वाटा तिथेही टिकला नाही. यावर मी त्याला काय सांगू? पण तो बोलतो तेव्हा मला ती डिश दिसते. २०२५ च्याच जूनमध्ये आमच्या विद्यापीठाने मैदानी खेळांतल्या उड्या आणि फेकी बंद केल्या, लांब पल्ल्याचं धावणं तेवढं मुख्य ठेवलं. भाला फेकणाऱ्या मुलीने कुठलं चॅनल निवडलं होतं?

१४ सप्टेंबर २०२४ ला सिअ‍ॅटलमध्ये आम्ही वॉशिंग्टनशी खेळलो. सामना पीकॉक या महिन्याचे पैसे घेणाऱ्या इंटरनेट सेवेवर होता, कारण हक्क आता बिग टेनचे. मी त्या शेतकऱ्यांना फोन केला. पाच वर्षांनी ते माझ्या घरी आले, चीजचा डबा घेऊन. शेवटी वॉशिंग्टनचा चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोल लाइनजवळ अडवला आणि आम्ही २४-१९ ने जिंकलो. ते उठून उभे राहिले होते, खुर्चीची पाठ घट्ट धरून.

मग त्यांनी विचारलं, याचे महिन्याला किती पडतात? मी आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. टोपी घातली आणि निघाले. त्यांची पेरणी सुरू व्हायची होती.